एकच पांघरूण साऱ्या देशाला?

कचराभूमी भरली की ती बंद करावी लागते. फाटकाला कुलूप लावून हे काम संपत नाही, कारण ढिगावर अखेरचे आच्छादन घालणे बाकी असते. या आच्छादनाचे प्रमुख कार्य पावसाचे पाणी कचऱ्यात उतरू न देणे हे होय. पाणी आत शिरले की ते क्षार, जड धातू आणि सेंद्रिय आम्ले विरघळवून घेत तळाकडे निघते. या काळपट, दुर्गंधीयुक्त द्रवाला लीचेट म्हणतात. तळाला अस्तर नसेल किंवा ते फाटले असेल, तर लीचेट भूजलात मिसळते. भारतातील बहुतेक जुन्या कचराडेप्यांना तळाचे अस्तर मुळात घातलेलेच नाही. अशा ठिकाणी पाऊस आणि भूजल यांच्यामध्ये माणसाने घातलेला अडथळा म्हणून उरते ते केवळ वरचे आच्छादन.

हे आच्छादन कसे असावे, ते भारतात नियमाने ठरवून दिले आहे. २००० सालच्या नागरी घनकचरा नियमांनी एक कृती घालून दिली: खाली ६० सेंटिमीटर चिकणमातीचा किंवा सुधारित मातीचा रोधक थर, त्यावर १५ सेंटिमीटरचा निचरा थर आणि सर्वांत वर वनस्पतींसाठी ४५ सेंटिमीटर मातीचा थर. रोधक थराची पार्यता सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागाहून कमी असली पाहिजे, अशी अट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हीच कृती पुढे चालवली. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कोकणाला जे पांघरूण, तेच जेमतेम २०० मिलिमीटर पावसाच्या जैसलमेरला.

वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. अतिवृष्टीच्या प्रदेशात चालणारी रचना कमी पावसाच्या प्रदेशात अधिकच चांगली चालेल, असा सामान्य तर्क आहे. मातीच्या बाबतीत हा तर्क उलटा पडतो. कोरड्या हवामानात चिकणमातीच्या आच्छादनाचा खरा शत्रू पाऊस नसून ऊन आहे.

चिकणमाती ओलसर असताना रोलरने दाबून घट्ट केली की तिच्यातील छिद्रे इतकी सूक्ष्म होतात की पाणी अत्यंत मंद गतीने सरकते. प्रयोगशाळेत याच अवस्थेत तिची पार्यता मोजली जाते आणि कागदोपत्री अट पूर्ण होते. ढिगावर पसरल्यानंतर मात्र तिला आठ-नऊ महिने कोरडी हवा सोसावी लागते. पाणी निघून जाताच ती आकसते आणि भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला याचे वेगळे स्पष्टीकरण नको. पहिल्या पावसात भेगा मिटल्यासारख्या दिसतात, पण एकदा तुटलेली रचना पूर्ववत सांधली जात नाही. मुळे आणि उंदीर-घुशींची बिळे या वाटा आणखी रुंदावतात. मग पाणी मातीच्या छिद्रांतून न सरकता भेगांतून थेट खाली कोसळते, आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या पार्यतेला काही अर्थ उरत नाही.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी येथे याची प्रत्यक्ष नोंद झाली आहे. तेथील प्रायोगिक आच्छादनाचा दाबलेल्या चिकणमातीचा थर सुमारे चार वर्षांत जवळजवळ हजारपट पार्य झाला, आणि बिघाडाला निमित्त ठरला तो काही आठवड्यांचा अवर्षणकाळ. ऑल्बनी हे दमट हवामानाचे ठिकाण आहे. तेथे काही आठवड्यांच्या कोरडेपणाने हे घडत असेल, तर दरवर्षी ऑक्टोबर ते जून कोरड्या राहणाऱ्या मारवाडात काय घडेल, याचा अंदाज कठीण नाही.

यावर मृदाशास्त्राने सुचवलेला पर्याय अगदी वेगळ्या तत्त्वावर उभा आहे. पाण्याला अडवण्याऐवजी त्याला काही काळ साठवून ठेवावे आणि नंतर हवेत परत पाठवावे. पुरेशा जाडीचा, मोकळ्या मातीचा एक थर ढिगावर घालायचा आणि त्यावर स्थानिक गवत रुजवायचे. पावसाळ्यात माती पाणी धरून ठेवते. उघडीप मिळताच सूर्य आणि वनस्पती बाष्पीभवन व पर्णोत्सर्जनाच्या वाटेने ते परत उचलतात. ही रचना तत्त्वतः स्पंजासारखी चालते. स्पंज भरून गळू लागण्यापूर्वी तो पुन्हा वाळला पाहिजे, एवढीच तिची अट. कोरड्या प्रदेशात ही अट पाळणे सोपे असते, कारण तेथे हवेची पाणी ओढण्याची शक्ती पावसाच्या कित्येक पट असते. जोधपूरला वर्षाला सुमारे ३६० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम राजस्थानात वर्षभरात हवेत जाऊ शकणाऱ्या पाण्याचे प्रमाण १,५०० मिलिमीटरच्या पुढे आहे.

माती किती पाणी साठवू शकेल, हे दोन मर्यादांवर ठरते. निचरा थांबल्यावर मातीत जेवढे पाणी टिकून राहते ती वरची मर्यादा. वनस्पती कायमच्या कोमेजतात तेव्हा जेवढे पाणी शिल्लक असते ती खालची. या दोहोंमधील अंतर म्हणजे उपयोगात येणारी साठवण. पोयट्याच्या मातीत ही साठवण प्रत्येक मीटर खोलीमागे साधारण १५० मिलिमीटर असते, वाळूत ती ६०-७० मिलिमीटरवर येते. एक मीटर पोयटा घातला आणि दोन दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस कोसळला, असे समजा. जमिनीवरून काहीही वाहून गेले नाही असे धरले, तरी आधी कोरडा असलेला थर हे पाणी सहज सामावून घेईल. पुढे दोन आठवडे उघडीप मिळाली आणि गवताने रोज पाच मिलिमीटर पाणी उचलले, तर ७० मिलिमीटर जागा पुन्हा मोकळी होईल. शाळकरी गणिताइतका हा हिशेब साधा आहे. त्याचे यश मात्र मातीची जात, थराची जाडी, पावसाचे वेळापत्रक आणि गवताची मुळे या चारही गोष्टी जुळण्यावर अवलंबून असते.

या कल्पनेची मोठ्या प्रमाणावर परीक्षा अमेरिकेत झाली. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये पर्यायी आच्छादनांच्या मूल्यमापनाचा कार्यक्रम हाती घेतला. निरनिराळ्या हवामानांच्या ठिकाणी १० बाय २० मीटरचे लायसिमीटर बांधण्यात आले. लायसिमीटर म्हणजे आच्छादनाचा खराखुरा तुकडा, ज्याच्या तळातून झिरपणारा थेंबन् थेंब गोळा करून मोजता येतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके आहेत. रुक्ष, निमरुक्ष आणि मध्यम पावसाच्या ठिकाणी साठवण-तत्त्वावरील आच्छादनांतून सामान्यतः वर्षाला २.२ मिलिमीटरपेक्षा कमी, म्हणजे पावसाच्या सुमारे ०.४ टक्के पाणी झिरपले. त्यांतील निम्म्या आच्छादनांतून तर ०.१ मिलिमीटरही खाली उतरले नाही. दमट ठिकाणी हाच आकडा ३३ ते १६० मिलिमीटरवर गेला.

त्याच अहवालातील आणखी दोन गोष्टी भारतीय विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की उतारावरून वाहून गेलेले पाणी सरासरीने पावसाच्या फक्त चार टक्के भरले आणि त्यावर उताराचा फारसा परिणाम दिसला नाही. ढिगाला उतार दिला की पाणी आपोआप निघून जाईल, ही समजूत त्या मोजणीत टिकली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कोरड्या भागातील दोन आच्छादने रचनाकारांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक गळली. एकातून सुमारे २७ आणि दुसऱ्यातून ५२ मिलिमीटर पाणी उतरले. तत्त्व बरोबर असूनही ठिकाणाचा नेमका अभ्यास चुकला तर आच्छादन फसते. म्हणून चिकणमातीची एक कृती काढून मोकळ्या मातीची दुसरी कृती देशभर लागू केली, तर चूक तीच राहील, फक्त माती बदलेल.

भारताचा प्रश्न अमेरिकेहून दोन बाबतींत वेगळा आहे. पश्चिम अमेरिकेच्या अनेक कोरड्या भागांत पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतात. तेव्हा वनस्पती सुप्त असतात, त्यामुळे मातीला संपूर्ण हिवाळ्याचे पाणी वसंतापर्यंत सांभाळावे लागते. भारतीय मोसमी पाऊस ऐन उष्ण दिवसांत येतो आणि गवत त्याच काळात जोमाने वाढते. पाणी येणे आणि पाणी उचलले जाणे या क्रिया हातात हात घालून चालतात. ही निसर्गाने दिलेली मोठी सवलत आहे.

दुसरी बाब प्रतिकूल आहे. मोसमी पाऊस सरासरीच्या हिशेबाने वागत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात अवघ्या काही दिवसांत वर्षाच्या सरासरीहून अधिक पाऊस कोसळला आणि कवास परिसरातील वाळवंटात तळी साचली. सरासरी पावसावर बेतलेले आच्छादन अशा एका आठवड्यात निकामी ठरू शकते. रचना करताना दहा वर्षांची सरासरी पाहून भागणार नाही. उपलब्ध नोंदींतील सर्वांत ओले वर्ष आणि त्या वर्षातील सर्वांत ओला आठवडा यांना सामोरे जाईल असा थर लागेल. जेथे त्यासाठी अवास्तव जाडी लागत असेल, तेथे ही पद्धत नाकारण्याची तयारीही हवी.

मातीची जात हाही पश्चिम राजस्थानात अवघड मुद्दा आहे. तेथील माती बहुतांशी वाळूमिश्रित असल्याने तिची साठवण कमी. येथे केशाकर्षणाचा अडसर उपयोगी पडू शकतो. बारीक कणांच्या मातीखाली जाड खडीचा थर घातला, तर पाणी सीमेवर येऊन थबकते. बारीक माती आपल्या सूक्ष्म छिद्रांत पाणी घट्ट ओढून धरते, आणि खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ती ओढ जवळजवळ नसते. वरची माती संपृक्ततेच्या जवळ पोहोचेपर्यंत पाणी खडीत उतरत नाही. परिणामी तेवढ्याच जाडीची माती अधिक पाणी साठवते. पाणी खडीत चटकन उतरेल असे मनाला वाटते. भौतिकी नेमके त्याच्या उलट सांगते. अमेरिकेच्या युटा राज्यात मॉन्टिसेलो येथील युरेनियम गिरणीच्या अवशेषांवरील आच्छादनात हे तत्त्व वापरलेले आहे.

अशा थरांसाठी लागणारे साहित्य मारवाडात दुर्मिळ नाही. जोधपूरच्या वालुकाश्म खाणींतून दगडाचा टाकाऊ चुरा मोठ्या प्रमाणावर निघतो. गावोगावच्या नाडी म्हणजे लहान तळी उपसताना बारीक गाळ मिळतो. एक खडीच्या जागी, दुसरा मातीत मिसळण्यासाठी वापरता येईल का, हे तपासण्यासारखे आहे. उलट रोधक थरासाठी चांगली चिकणमाती मिळाली नाही तर ती दुरून आणावी लागते किंवा मातीत बेंटोनाइट मिसळावे लागते. लहान नगरपालिकेच्या तिजोरीला हा भार पेलत नाही, आणि मग आच्छादन कागदावरच राहते.

गवताच्या निवडीतही बाहेर पाहण्याची गरज नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत, म्हणजे काझरीत, सेवण आणि धामण या वाळवंटी गवतांवर अनेक दशके काम झाले आहे. सेवण बहुवर्षायू आहे, त्याची तंतुमुळे वाळूत खोल आणि दाट पसरतात, आणि दुष्काळानंतरच्या पहिल्या सरीबरोबर ते पुन्हा हिरवे होते. आच्छादनाला हवी असलेली जवळपास प्रत्येक गोष्ट त्याच्यापाशी आहे. कुरणविकासासाठी साठलेले हे ज्ञान कचराभूमीच्या अभियंत्यांपर्यंत पोहोचणे तेवढे बाकी आहे. याउलट आपोआप रुजणारी विलायती बाभूळ येथे घातक ठरेल, कारण तिचे सोटमूळ माती भेदून कचऱ्यापर्यंत जाऊ शकते. मोकाट जनावरांचाही विचार हवा. गवत मुळापर्यंत चरले गेले की पाणी उचलणारा पंपच बंद पडतो.

बांधकामाची पद्धत तर ठेकेदारांच्या सवयीच्या पूर्ण विरोधात जाणारी आहे. रस्ता असो वा बांध, माती जितकी दाबावी तितकी चांगली, असा शिरस्ता आहे. साठवण-आच्छादनात तोच रोलर शत्रू ठरतो. माती अति दाबली की तिच्या पोकळ्या कमी होतात, साठवण घटते आणि मुळे खोल जात नाहीत. ही माती शेतातल्यासारखी भुसभुशीत राहिली पाहिजे. मोजमापाच्या वहीत माती किती घट्ट झाली याची नोंद करणाऱ्या यंत्रणेला, ती पुरेशी मोकळी राहिली का, याची नोंद करायला शिकावे लागेल.

या पर्यायावर काही रास्त आक्षेप आहेत. जिओमेम्ब्रेन म्हणजे जाड प्लॅस्टिकचा पडदा आणि त्याखाली माती, अशी जोडरचना सर्वच हवामानांत उत्तम चालते, हे वर उल्लेखिलेल्या अमेरिकी मोजणीनेच दाखवले आहे. कोरड्या ठिकाणी तिच्यातून सरासरीने वर्षाला दीड मिलिमीटरहून कमी पाणी झिरपले. मग मातीचा खटाटोप कशासाठी? जेथे पैसा, कुशल जोडकाम आणि देखरेख आहे, तेथे पडदा जरूर वापरावा. घातक औद्योगिक कचऱ्यावर तर त्याला पर्याय शोधूच नये. परंतु भारतातील लहान शहरांपुढे पडदा की माती असा प्रश्न क्वचितच असतो. तेथे प्रत्यक्षात निवड असते ती भेगाळणारी चिकणमाती किंवा उघडा ढीग, यांतील.

दुसरा आक्षेप वायूचा. मातीचे मोकळे आच्छादन मिथेन कोंडून धरत नाही. मातीतील काही जीवाणू मिथेनचे ऑक्सिडीकरण करतात. पण ताज्या, ओल्या कचऱ्याच्या मोठ्या ढिगातून निघणारा वायू हाताळण्यास ते पुरेसे ठरतील, असे गृहीत धरता येत नाही. तेथे वायू गोळा करण्याची स्वतंत्र सोय लागेल. तिसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. भारतीय शहरांच्या कचऱ्यात ओल्या, सेंद्रिय भागाचे प्रमाण मोठे असते आणि कचरा आपले पाणी स्वतःबरोबरच घेऊन येतो. वरचे आच्छादन कितीही उत्तम असले तरी ते आधीच आत असलेले पाणी थांबवू शकत नाही. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करणे, याची जागा कोणतीही माती घेणार नाही.

प्रदेशाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. मुंबईतील गोराईची कचराभूमी २००९ च्या सुमारास शास्त्रोक्त पद्धतीने बंद करण्यात आली. तेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा किनारपट्टीवर केवळ साठवण-तत्त्वावर विसंबणे म्हणजे पावसाळ्याच्या दुसऱ्याच आठवड्यात गळणारे आच्छादन पत्करणे. ही पद्धत पश्चिम राजस्थान, कच्छ, अनंतपूर अशा कोरड्या पट्ट्यांची आहे. दिल्लीसारख्या काठावरच्या निमरुक्ष शहरात तिचा निर्णय मोजणीनेच करावा लागेल.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्याचे कारण आहे. २०२१ पासून स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात देशभरचे जुने ढीग हटवण्याचे काम सुरू आहे. साठलेला कचरा उकरून, चाळून वेगळा करणे हा त्याचा मुख्य मार्ग आहे, आणि तो योग्यच आहे. पण चाळणीनंतर उरणारा निरुपयोगी भाग कोठेतरी पुरावाच लागतो. जे ढीग उकरणे शक्य नाही, त्यांच्यावर नियमाप्रमाणे आच्छादन घालणे भाग आहे. येत्या काही वर्षांत घातली जाणारी ही आच्छादने पुढील अनेक दशके जागेवर राहतील. ती चुकली तर चूक तत्काळ दिसणारही नाही. ढीग वरून हिरवा आणि नीटनेटका दिसेल. खाली मात्र विहिरीचे पाणी हळूहळू बिघडत जाईल. कोरड्या प्रदेशात भूजल हा बहुधा शेवटचा आधार असतो. तो एकदा दूषित झाला की तेवढाच शुद्ध दुसरा साठा जवळपास नसतो.

म्हणून नियमात बदल हवा, आणि तो फार मोठा नाही. आच्छादन कशाचे असावे हे सांगण्याऐवजी त्यातून वर्षाला जास्तीत जास्त किती पाणी झिरपावे, हे नियमाने सांगावे. अमेरिकेच्या १९९१ च्या नियमांतही ठराविक रचना दिलेली आहे. परंतु तेवढेच पाणी रोखणारी दुसरी रचना सिद्ध करून दाखवल्यास तिला परवानगी देण्याची वाट त्यांनी मोकळी ठेवली. सेकंदाला एका सेंटिमीटरचा एक कोटीवा भाग ही भारतीय अटच घ्या. रोधक थर सतत संपृक्त राहिला आणि पाणी केवळ स्वतःच्या भाराने उतरले, तर या गतीने वर्षाला सुमारे ३१ मिलिमीटर पाणी खाली जाऊ शकते. म्हणजे कागदोपत्री निर्दोष असलेली चिकणमातीही काही अभेद्य भिंत नव्हे. तेव्हा तुलना थरांच्या जाडीची नको, तळाशी गोळा होणाऱ्या पाण्याची हवी.

अर्थात अशी मोकळीक पुराव्याशिवाय दिली, तर तिचा गैरफायदा घेतला जाईल. कचऱ्यावर चार ट्रक माती टाकून त्याला साठवण-आच्छादन म्हणणारे निघतील. यावर उपाय म्हणजे आधी मोजणी. जोधपूर, भुज, अनंतपूर आणि दिल्ली अशा निरनिराळ्या हवामानांच्या ठिकाणी नियमातील चिकणमातीचे आच्छादन आणि मातीचे साठवण-आच्छादन शेजारी शेजारी बांधावे आणि किमान पाच-सहा पावसाळे त्यांच्या तळाशी येणारे पाणी मोजावे. त्यात एखादे अतिवृष्टीचे व एखादे अवर्षणाचे वर्ष सापडण्याची शक्यता राहील. शहराच्या कचरा प्रकल्पाच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. बंद केलेल्या कचराभूमीची निदान १५ वर्षे देखभाल करणे नियमाने आजही बंधनकारक आहे. त्या देखभालीत झिरपणाऱ्या पाण्याची मोजणी आणि तिचे आकडे जाहीर करणे एवढे जोडले, तर प्रत्येक बंद ढीग स्वतःच एक प्रयोगशाळा होईल.

हे काम मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र, हवामानशास्त्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी यांच्या सीमेवर पडते. त्यामुळेच ते कोणत्याही एका विभागाचे झाले नाही. संशोधनाचा विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला येथे गरजेचा आणि अद्याप न सुटलेला प्रश्न मिळतो, आणि त्याच्या उत्तराची पहिली कसोटी जोधपूरच्या एका पावसाळ्यात लागू शकते.